तारासिस्टरनं मागितलेले सहा महिने

१९७४ सालच्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका गावात सुमनला वांझ ठरवण्यात आलं. तिचं वय बावीस. ठरवणारे सगळे पुरुष, भावकीतले. तिला कुणी तपासलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला तर नव्हतंच नव्हतं. चहा संपायच्या आत नवऱ्याचं दुसरं लग्न अक्षय तृतीयेला पक्कं झालं. पहिली बायको असताना असं लग्न कायद्यानं गुन्हा आहे, हे तिथल्या शिकलेल्यांनाही ठाऊक होतं.

विरोधात एकटी उभी राहिली ती उपकेंद्राची नर्स, तारासिस्टर. साताऱ्याकडची, चाळिशीची, हवालदारासारख्या आवाजाची. बाई तपासायला आली की आधी तिची चंची जमिनीवर ओतायला लावायची. सुपारी, तंबाखू, अंगारा, सगळं. "तोंड लाजतं, चंची लाजत न्हाई," असं म्हणायची.

सुमनच्या चंचीतून काळ्या गोळ्या पडल्या. सिस्टरनं एक नाकाशी धरली आणि तिच्या सासूकडे बघितलं.

"अफू हाय ही. कवापासनं?"

"आवं, पाळीत पोट लय दुखायचं तिचं," सासू म्हणाली. "मेंढरं चारायची थांबत्यात व्हय? बाजारातल्या औषधवाल्यानं दिली. चांगलं व्हावं म्हणूनच दिली की!"

ते खोटं नव्हतं. आधी तीन दिवस गोळी, मग रोज. दुखणं थांबलं आणि काही महिन्यांनी पाळीही थांबली. घरानं पेढे वाटले, सुमनला हिरवी चोळी शिवली. पोट वाढेना, तेव्हा तीच तोंडं म्हणाली, हिनं पोर खाल्लं.

मी तेव्हा सांगलीहून बायकांच्या हक्काची पत्रकं घेऊन गावोगाव फिरत होते. सिस्टर मला घेऊन सांगलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी समजावलं: बीज पिकवायचा हुकूम मेंदूतून सुटतो, अफू तो हुकूमच दाबते. अफू जिथं चिकटते त्या जागा मेंदूत नुकत्याच सापडल्यात. गर्भाशयाच्या अस्तरात तशा जागा आहेत का, ते मात्र त्यांच्या वाचनात कुठं आलं नव्हतं.

"कुणी बघितलंच न्हाई?" सिस्टरनं विचारलं. "का? बाईचं हाय म्हणून?"

बाईंनी कागद पुढं ओढला. गोळी एकदम न तोडता कशी कमी करायची ते त्यांनी लिहून दिलं. पाळी कधी परतेल याची खात्री मात्र दिली नाही.

सिस्टरनं भावकीकडे सहा महिने मागितले. सासरा म्हणाला, "तारीख धरलीया. त्याच्या आत काय हुतंय ते बघा." म्हणजे जेमतेम महिना.

सुमन सिस्टरच्या खोलीत राहायला आली. रोज सकाळी सिस्टर ब्लेडनं गोळीचा तुकडा कालच्याहून बारीक कापायची. आठव्या दिवशी सुमन थरथरत होती, उलट्या थांबत नव्हत्या. तेवढ्यात तिचा दीर काठी घेऊन दारात आला.

"पोरीला मारताय तुमी! चल गं घरी."

सिस्टरनं त्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि घमेलं दिलं. "बस हितं. हे धर तिच्या तोंडाफुडं. मग बोल."

तो बसला. तासभर त्यानं घमेलं धरलं. जाताना फक्त विचारलं, "जगंल न्हवं?"

मी दरम्यान पत्रक लिहून काढलं होतं. नवऱ्याचं नाव, गावाचं नाव, सगळं ठळक. सिस्टरनं वाचलं आणि माझ्या अंगावर टाकलं. "यात सुमन कुठाय गं? निस्ता नवराच नाचतोय. तिला इचारलंस?" मी विचारलं नव्हतं. विचारलं, तेव्हा सुमन म्हणाली, "आत्ता नगं, ताई. कदाचित थांबतील." मी पत्रक फाडलं. ते फाडणं बरोबर होतं की चूक, हे मला आजही सांगता येत नाही.

ते थांबले नाहीत. अक्षय तृतीयेला वाजंत्री वाजली. ती खोलीपर्यंत ऐकू येत होती. सिस्टरनं उठून खिडकी लावली आणि सुमनला भाकरी थापायला बसवलं.

ज्येष्ठ संपता संपता सुमनची पाळी आली. सिस्टरनं बातमी सासरी नेली नाही. "कुणाला सांगू आता?" एवढंच म्हणाली. सुमन मात्र ताठ बसली होती. "मला तिथं जायाचं न्हाई. काम बघा." माधवनगरच्या एका गिरणीत तिला काम मिळालं. पोट अजून दुखतं, त्या दिवसांत ती पोटाला कापड घट्ट बांधून उभी राहते.

भावकीनं वर अर्ज केला: ही सिस्टर सुना फितवते. पावसाळ्यात तिची बदली झाली, लांब, डोंगरातल्या एका गावात. ती एसटीत चढताना मी रडले, तशी माझ्यावरच ओरडली. "रडतीस काय? सहा म्हैने कमी पडत न्हवते. देणारं कोन न्हवतं."

चार वर्षं झाली. सुमनच्या परवानगीनं हे आता छापते आहे. गावाचं नाव तिनं नको म्हटलं. वाचणाऱ्या, तूही कुठल्यातरी भावकीत बसतोस. पुढच्या वेळी तिथं 'वांझ' हा शब्द निघेल, तेव्हा खाली बघत चहा पिऊ नकोस. ऊठ. तारीख मोड. त्या बाईला वेळ दे, आणि नवऱ्याला तिच्या आधी दवाखान्यात ने.