पुजलेलं हत्यार

डिचोलीच्या आमच्या कारखान्यात फिटरमामांइतका सोवळा माणूस दुसरा नव्हता, आणि त्यांचं सारं सोवळं हत्यारांचं. जमिनीवर पडलेला पाना दिसला की ते उचलून कपाळाला लावत आणि मग टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. गोव्यात तीस वर्षं काढली, पण जिभेवरचं कोल्हापूर काही उतरलं नाही.

खंडेनवमीला तर विचारूच नका. हत्यारं धुऊन-पुसून मांडायची, हळदकुंकू, झेंडू. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. एकदा साहेबांनी खुर्चीचा स्क्रू आवळायला पेचकस मागितला. मामा म्हणाले, "सायेब, उद्यापतोर दुसऱ्या खुर्चीत बसा." साहेबांनी खुर्ची बदलली.

पुढे दाराजवळच्या भिंतीवर, बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र आलं. त्याच्या प्रशिक्षणात मी मागे बसून टिंगल करत होतो. मामा चष्मा लावून पहिल्या रांगेत. खंडेनवमीला त्यांनी त्या पेटीलाही माळ घातली. "जीव वाचवतंय म्हंजे हत्यारच की."

त्याच दिवशी आरती संपली, मी प्रसादाला हात पुढे केला आणि कोसळलो. श्वास बंद. पुढचं मला कँटीनमधल्या शेवंतीने सांगितलं. मामा माझ्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देऊ लागले आणि तिला यंत्र आणायला पिटाळलं. ती माळ बघून थबकली. "मामा, तें पुजलां न्हय?"

मामांचे हात थांबले नाहीत. "तोड ती माळ. पाप लागलं तर मला लागंल."

मग यंत्र बोलत गेलं आणि मामा ऐकत गेले. सदरा फाडला, पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांना मागे सारलं, बटण दाबलं. पुन्हा दाब देणं सुरू केलं. थोड्या वेळाने मी कण्हलो.

जन्मभराचा नेम त्यांनी माझ्यासारख्या टवाळासाठी एका क्षणात मोडला. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. विचारलं तर म्हणाले, "पोट बिघडलं हुतं."

निवृत्त होऊन गावी निघाले तेव्हा मी स्टँडवर गेलो. पाया पडू लागलो तर त्यांनी मला उभं केलं आणि कारखान्यातली मोटार नीट चालतेय का ते बघायला तिच्यावर ठेवत तसा पंजा माझ्या छातीवर ठेवला. कंडक्टरने दोनदा हाक मारली. मामांनी हात काढला नाही.