निम्म्या मुलींच्या आंघोळीचा हिशेब

आमच्या बिल्डिंगमध्ये गिझर बसवायचे ठरले, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. सांगितलं.

मी माहेरची पेठेतली. सासर गावातलं, म्हणजे तेव्हा गाव होतं. पुढे ते महापालिकेत आलं आणि सासऱ्यांच्या गोठ्याच्या जागेवर आमची बिल्डिंग उभी राहिली. तळमजल्यावर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दीर आणि जाऊ. वरच्या तीन मजल्यांवर मिळून दहा खोल्या, आयटीत नोकरी करणाऱ्या मुलींना भाड्याने दिलेल्या, एका खोलीत दोघी. नवरा गेल्यावर बिल्डिंगचा विजेचा मीटर माझ्या नावावर झाला. बाकी सगळा कारभार दिरांकडे. या गावात मी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी मी स्वकष्टाने मिळवली आहे, हेही आधीच सांगून टाकते.

गच्चीवर सोलरचं गरम पाणी होतं. पावसाळ्यात ते कोमट यायचं, आणि पहिल्या चार-पाच जणींची आंघोळ झाली की तेही संपायचं. शेजारच्या बिल्डिंगवाल्याने प्रत्येक बाथरूममध्ये गिझर लावला आणि आमच्याकडच्या काही मुली सामान उचलून तिकडे गेल्या. त्यांच्या जागा पुन्हा भरल्या, पण दिरांच्या ते जिवाला लागलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. गार पाण्याने कुडकुडत कुणी कामावर जावं असं मलाही वाटत नव्हतं.

दिरांनी वायरमन आणला. त्याने बाथरूममध्ये डोकावल्यासारखं केलं, जिन्याखालचा मेन बोर्ड उघडून पाहिला आणि पायरीवर बसून हिशेब सांगितला. गिझर दोन हजार वॅटचा, असे दहा. म्हणजे वीस किलोवॅट. आमच्या मीटरला मंजूर लोड दहाचा. मी म्हटलं, "मग हे बसणार कसं?"

"काकू, सगळे गिझर एकदम थोडीच चालू असतात? निम्मे धरायचे. दहा. बसतंय बरोबर."

त्याचं अगदीच खोटं नव्हतं. चार माणसांच्या घरात एक आंघोळीला गेला की दुसरा पेपर वाचतो. पण आमचं घर म्हणजे घर नव्हे. खडकवासला भरलेलं असो नाहीतर तळाला गेलेलं असो, आमच्याकडे पाणी येतं सकाळीच, तेही तासभर. त्याच तासात पंप चालू. त्याच तासात वीसच्या वीस जणी उठलेल्या, कारण कंपनीची बस कोपऱ्यावर कुणासाठी थांबत नाही. इस्त्री, चहाची किटली, केस वाळवायचं यंत्र, सगळं त्याच तासात. रोज सकाळी माझ्या डोक्यावर बादल्या सरकतात, मला कुणी सांगायला नको.

मी वायरमनला विचारलं, "निम्मे गिझर म्हणजे निम्म्या मुली. कोणत्या निम्म्या मुलींनी आंघोळ करायची नाही, ते सांगा. मी वर जाऊन निरोप देते. आणि पंप, इस्त्र्या कुठे धरल्यात?"

तो दिरांकडे बघून हसला. दीरही हसले. "वहिनी, तुमाला काय कळतंय त्यातलं? त्याचा धंदा हाय तो."

"त्याचा धंदा गिझर बसवायचा आहे. जळालं तर तो राहत नाही इथे," मी म्हटलं. "आधी लोड वाढवून घ्यायचा, जाड केबल टाकायची, मग गिझर. मीटर माझ्या नावावर आहे, मी होकार देत नाही."

मला वाटलं विषय संपला. मी बहिणीकडे कोथरूडला दोन दिवस राहायला गेले, आणि परत येते तर दहाही बाथरूममध्ये पांढरे शुभ्र गिझर लटकलेले. मुली खूश. जाऊबाई खूश. दीर अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते, माझ्याकडे बघितलंही नाही.

पहिल्या सकाळी बोर्डातला मेन खटका पडला. सगळी बिल्डिंग बंद. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. दुपारी वायरमन आला आणि त्याने काय करावं? खटका काढून मोठा बसवला. तार तीच, जुनी, एक मजला होता तेव्हाची. तार तापत होती म्हणून खटका पडत होता, आणि यांनी पहारेकऱ्यालाच झोपेची गोळी दिली. मी हे दिरांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "आता पडत नाय ना? मग झालं तर."

संताप म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आधीचे माझे सगळे संताप भाजीवालीशी केलेली घासाघीस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी यायच्या आधीच मी जिन्याखाली जाऊन उभी राहिले. पंप सुरू झाला. वर दारं वाजली, बादल्या सरकल्या. थोड्या वेळाने मी बोर्डाच्या झाकणाला उलटा हात लावला. गरम होतं. गोधडीत असतं तसं उबदार नव्हे, हात काढून घ्यावा असं गरम. आणि एक वास, नव्या प्लास्टिकसारखा. मी बाजूची काठी घेतली आणि मेन स्विच खाली ओढला.

पंप बंद पडला आणि तिन्ही मजल्यांवरून एकच आरडाओरड झाली. "काकू, लाइट गेली! काकू, डोळ्यात साबण गेलाय!"

"डोळ्यातला साबण निघतो!" मी खालून ओरडले. "लाइट गेली नाही, मी घालवली आहे!"

दीर अर्धी दाढी केलेल्या तोंडाने धावत आले. मी बोर्डाला पाठ लावून उभी राहिले. ते म्हणाले, "वहिनी, येडेपणा करू नका. व्हा बाजूला."

"होत नाही."

"काय झालंय का? सांगा ना, काय जळलंय का?"

"नाही जळलं. जळल्यावर बंद करायला मी कशाला हवी? आपोआप होतं."

"पोरी जातील सोडून."

"जाऊ देत. आपल्या पायांनी चालत जातील." मी बोर्डापासून हलले नाही. "भाऊजी, तुमची लेक नाशिकला भाड्याच्या खोलीत राहते. तिथल्या वायरमनने तिला कोणत्या निम्म्यात धरलंय, विचारलंत कधी?"

"तिला मधी आणायचं नाय!"

"का? वरच्या वीस जणींना कुणी बापच नाहीत?"

दिरांच्या गालावरचा साबण वाळत चालला होता. टॉवेल खांद्यावर टाकून ते आत गेले आणि दार आपटलं.

त्याच दिवशी मी वाढीव लोडचा अर्ज देऊन आले. केबल बदलेपर्यंत गिझर बंद, असं वर जाऊन सांगितलं, आणि माझ्या दोन्ही शेगड्यांवर पातेली चढवली. मुली बादल्या घेऊन माझ्या दारात रांग लावायच्या. दोघी सोडून गेल्या, त्यांना मी अडवलं नाही. जाऊबाईंनी गावभर सांगितलं की वहिनींनी चालतं घर बंद पाडलं. म्हणू देत. दीर माझ्याशी बोलेनासे झाले. जेवणाचा डबा पाठवला तर तसाच परत यायचा. मी वाकले नाही. माफी मागण्यासारखं मी काही केलं नव्हतं आणि अजूनही मागितलेली नाही.

नवी केबल अजून यायची होती, तेव्हाची एक संध्याकाळ आहे. दीर माझ्या खिडकीबाहेर ओट्यावर बसून लेकीशी फोनवर बोलत होते. एरवी मी खिडकी लावून घेतली असती. त्या दिवशी मुद्दाम उघडी ठेवली.

"जेवलीस का? ... बरं. तिथं गिझर हायेत का गं तुमच्याकडं? ... किती? ... आन् सकाळी सगळ्या एकदम लावता? ... नाय नाय, निम्म्या नको सांगू मला. सगळ्या सांग."