वरच्या वाटेतली खोली

आमचे थुहामी भाऊजी वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. हे पाच वेळा नमाज पढणार, कुणाच्या अध्यात ना मध्यात, बोलणार हळू, आणि एकदा डोक्यात काही घेतलं की सख्ख्या बापाचंही ऐकणार नाहीत. तरुणपणी ते झऱ्यावर पाणी मोजायला बसायचे. तळाला भोक असलेलं भांडं भरून टांगायचं, ते रिकामं झालं की झावळीच्या पातीला गाठ मारायची, ठरलेल्या गाठी झाल्या की पाणी पुढच्या बागेला सोडायचं. वाळवंटातल्या आमच्या घदामेस गावातल्या कुठल्या बागेचा पाण्यात किती वाटा, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. इतक्या वर्षांत कुणाची एक तक्रार आली नाही. त्यामुळे आपलं कधी चुकतच नाही असं त्यांचं ठाम मत झालं, आणि ते मत घरातल्या आम्हाला भोवलं.

मी त्यांच्या धाकट्या भावाची, यूशाची बायको. घर सगळ्यांचं, कारभार भाऊजींचा. खाली कोठार, मधल्या मजल्यावर आरशांची नि पितळी ताटल्यांची मोठी खोली, तिच्याभोवती झोपायच्या खोल्या, आणि वर गच्ची. चूलही गच्चीवरच. भाऊजींची बायको लवकर गेली. मुलगा एकच, नूरी, तो त्रिपोलीत शाळामास्तर. आणि भाऊजींहून मोठी एक बहीण, आमच्या मसूदा वन्सं.

वन्संचं सासर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तरी रोज दुपारी त्या यायच्या. भावाला फतात लागते, पातळ भाकरीचे तुकडे मसुराच्या रश्श्यात मुरवलेली, आणि तीही बहिणीच्याच हातची. चादरीखाली वाडगं धरून वन्सं जिन्याने उतरायच्या, भावापुढे ठेवायच्या, तो जेवेपर्यंत त्याला चार शब्द सुनवायच्या आणि रिकामं वाडगं घेऊन जिना चढून जायच्या. जाऊबाई गेल्यापासून हे असंच चाललं होतं.

उतरायच्या म्हटलं ते उगाच नाही. आमच्याकडे गल्ली पुरुषांची नि गच्ची बायकांची. या गच्चीवरून त्या गच्चीवर, कठडे ओलांडत, बायका अख्खं गाव वरच्या वर पालथं घालतात. वन्संनी उभ्या आयुष्यात दिवसाउजेडी गल्लीला पाय लावला नव्हता. आणि आमचं घर गल्लीवर पुलासारखं आडवं बसलेलं, त्यामुळे इकडच्या रांगेतून तिकडच्या रांगेत जायची वाट आमच्याच गच्चीच्या कोपऱ्यातून. ओठावर मिसरूड फुटलं की मुलगा वर चढत नाही, म्हणजे भाऊजींनी आपली गच्ची शेवटची पाहिली ती पोरवयात. अशा माणसाने गच्चीवर खोली बांधायला काढली.

निमित्त नूरीचं. ईदला आला तेव्हा म्हणाला, “बाबा, इथल्या शाळेत बदली मागितली तर मिळेल. पण बायकोला घेऊन राहू कुठे? या अंधारात? वर एखादी खोली असती, खिडकीची, तर गोष्ट वेगळी.”

झालं. मुलगा परत येणार या एका वाक्यावर भाऊजींनी घर उकरायला घेतलं. खरं तर घराला हात लावायची गरज होतीच. खजुराच्या खोडांच्या तुळया वाळवीने खाल्ल्या होत्या, जिन्याच्या पायऱ्या झिजून बशीसारख्या झाल्या होत्या, कोठाराचा गिलावा पोपडे धरून पडत होता. ते सगळं राहिलं बाजूला. आधी वरची खोली, आणि ती मातीच्या विटांची नाही तर सिमेंटची, कारण नूरीच्या त्रिपोलीत सगळं सिमेंटचं. आमच्या उन्हात सिमेंटची खोली म्हणजे भट्टी, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

किलानी गवंडी रोज सकाळी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून ओरडायचा, “वाट, वाट.” म्हणजे बायकांनो, बाजूला व्हा, पुरुष वर येतोय. वरून मी ओरडायची, “थांबा, रस्सा उतरायचाय.” रस्सा उतरला की शेजारची झुहरा ओरडायची, “माझं मिरच्यांचं वाळवण आहे, मी काय ते डोक्यावर घेऊन बसू?” किलानी पायरीवर बसून चहा प्यायचा. सगळ्या गच्च्या रिकाम्या होईतो ऊन असं चढायचं की तो चार विटा रचून खाली यायचा.

“आज किती झालं?” भाऊजी विचारायचे.

“एक थर.”

“एकच?”

“हाजी, वर तवा तापलाय आणि मी काही भाकरी नाही.”

तो वर असेपर्यंत चूल बंद. आम्ही कोरडी भाकरी नि खजूर खाऊन दिवस काढत होतो. आणि भाऊजी जिन्याच्या तळाशी उभं राहून, डोळ्यांना न दिसणाऱ्या कामावर हुकूम सोडत होते, “किलानी, सिमेंट जास्त घाल. कंजूषपणा नको.” किलानी घालत होता. पैसे काही त्याचे नव्हते.

भिंतीची आखणी पाहिली तेव्हाच मला कळलं. बरोबर कोपरा. बरोबर वाट. कठड्यापासून कठड्यापर्यंत.

मी यूशाला सांगितलं, “अहो, ती खोली वाटेत येतेय.”

“कुठल्या वाटेत?”

“वरच्या.”

“मग वरचं वरच राहू दे. खाली कशाला आणतेस?”

तीच तर आमची रीत. गच्चीवरचं बोलणं जिना उतरत नाही. तरी मी भाऊजींपुढे विषय काढणारच होते. वन्संनी माझा हात धरला.

“त्याला काही बोलायचं नाही,” म्हणाल्या. “पोरगा परत येतोय त्याचा. याहून काय हवंय त्याला?”

“आणि तुम्ही कशा याल?”

“माझं काय एवढं. गुडघे तसेही कुरकुरतातच.”

“वन्सं, ते विचारतील.”

“विचारलं तरी सांगायचं नाही. शब्द दे.”

मी दिला. दोघं भावंडं एका माळेचे मणी, आणि त्यांच्यामध्ये मी. आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो, की तेव्हा नकार का दिला नाही.

भिंत उभी राहिली. इतर बायका लांबून वळसा घेऊन, शिडी लावून जायला लागल्या आणि जाताना मलाच टोमणे मारायला लागल्या. “काय गं, तुमच्या घरात महाल झालाय म्हणे.” वन्संना शिडी जमणारी नव्हती. खोली तशीच अर्धवट होती. खिडकीची चौकट त्रिपोलीहून यायची होती म्हणून खिडकीची जागा तात्पुरती विटांनी बुजवली होती. पलीकडच्या भिंतीत फक्त उंचावर एक झरोका होता, वाडगं जाईल एवढा.

पहिल्याच दुपारी त्या भिंतीवर पलीकडून टकटक झाली. “नफीसा, हात वर कर.” खोलीत सिमेंटची दोन पोती दगड होऊन पडली होती, त्यांवर चढून मी हात वर केले. गरम वाडगं हातात आलं. रिकामं वाडगं तसंच परत जाणार. असं रोज सुरू झालं.

थोडे दिवस भाऊजींनी वाट पाहिली. मग म्हणाले, “मसूदा येत नाही?”

“नाही.”

“आजारी आहे?”

“नाही.”

“मग?”

मी वाडगं त्यांच्यापुढे सरकवलं. शब्द दिला होता ना. भाऊजींनी स्वतःच उत्तर काढलं, आणि अर्थातच ते बरोबर होतं. “तिला विचारलं नाही म्हणून रुसली. पोराच्या सुखाचं कळत नाही तिला. अल्लाची शपथ, ती स्वतः येऊन माझ्याशी बोलत नाही तोवर मी तिच्या हातचा घास घेणार नाही.”

असं म्हणून त्यांनी समोरच्या वाडग्यात हात घातला. दोन घास खाऊन म्हणाले, “नफीसा, तुझ्या हाताला आता चव यायला लागली. आधी नव्हती.”

ते वाडगं त्यांच्या डोक्यावर उपडं करायची इच्छा मी कशी आवरली ते माझं मला ठाऊक. रोज हेच. रोज वन्संची फतात चाटूनपुसून खायची आणि वर म्हणायचं, माझ्या बहिणीचं काळीज दगडाचं. आणि वर गेलं की वन्सं झरोक्यातून विचारायच्या, “जेवतो ना नीट? माझं नाव काढतो का?” मी म्हणायची, “काढतात.” ते कसं काढतात ते सांगायची सोय नव्हती.

मग एका दुपारी वाडगं हातात येता येता हिसका बसला. रस्सा माझ्या बाहीवर सांडला आणि पलीकडे धप्पकन आवाज झाला.

“वन्सं?”

“काही नाही. टोपली कलंडली. तिच्यावर चढते ना मी.”

या वयात, त्या गुडघ्यांनी, ही बाई रोज पालथ्या टोपलीवर चढून उभी राहत होती. माझा संयम तिथे संपला. बोलायचं नाही असा शब्द दिला होता. दाखवायचं नाही असा काही दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, वेळ झाली तशी, मी भाऊजींना म्हटलं, “तुमच्या खोलीचा गिलावा सुटतोय. बघून घ्या.”

“वर बायका असतील.”

“चूल विझवली, आमच्या गच्चीवर कुणी नाही. आणि खोली चारी बाजूंनी बंद. तुम्ही काय भिंतीतून बघणार आहात?”

तरीही “वाट, वाट” म्हणत, मान खाली घालून, चोरासारखे ते वर गेले आणि खोलीत शिरले. मी दारात उभी राहिले. आत उकाडा असा की श्वास घेववेना. भाऊजी भिंत चाचपत म्हणाले, “कुठे सुटलाय? पक्कं काम आहे.” तेवढ्यात टकटक झाली.

“नफीसा, हात वर कर.”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. ते सावकाश पोत्यांवर चढले आणि त्यांनी हात वर केले. झरोक्यातून वाडगं आलं.

“नीट धर, गरम आहे. आज मीठ उणं पडलंय, पण त्याला सांगू नकोस. रात्रभर गुडघा ठणकत होता, लक्ष नव्हतं माझं. काल पोटभर जेवला ना? चिडलाय का गं अजून माझ्यावर?”

भाऊजींनी वाडगं छातीशी धरलं.

“अगं, बोल की.”

“मसूदा,” भाऊजी म्हणाले.

पलीकडे टोपली करकरली. मग, “थुहाम्या? तू वर काय करतोयस?”

“तू कशावर उभी आहेस?”

“टोपलीवर. उतर खाली, इकडच्या गच्चीवर बायका आहेत.”

“तू इतकी वर्षं... या वाटेने यायचीस?”

“मग काय उडत येत होते?”

भाऊजी दोन्ही हातांत वाडगं धरून पोत्यावरून उतरले. बहीण जिन्यावरून खाली येते एवढंच त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. ती जिन्याच्या वर कुठून येते, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. ते रडत होते. मला वाईट वाटलं, आणि हे त्यांना आधी का नाही कळलं म्हणून रागही आला.

भिंती पाडायचं ठरलं; किलानी म्हणाला, शुक्रवारनंतर बघू. भाऊजी थांबले नाहीत. सगळ्या आळीतल्या गच्च्या रिकाम्या करून घेतल्या आणि स्वतः पहार घेऊन चढले. समोरासमोरच्या दोन्ही भिंती पाडायच्या होत्या. पण भिंत फुटेना. सिमेंट जास्त घालायला लावलं होतं ना. यूशा मदतीला गेला, किलानीही शेवटी ओशाळून आला. झुहराच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही, ते ती मला अजून ऐकवते.

“आणि नूरी?” यूशाने विचारलं.

“वर्षातून चार दिवस येतो,” भाऊजी म्हणाले. “आला तर खाली झोपेल. मी खालीच वाढलो.”

वाट मोकळी झाली त्या दुपारी वन्सं वाडगं घेऊन जिना उतरल्या. भावापुढे ठेवलं. भाऊजी मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

“आता काय?” वन्सं म्हणाल्या.

“तुझ्या हातचं न खायची शपथ मोडली माझी. दहा गरिबांना जेवू घालायला हवं. पैसे सगळे सिमेंटात गेले. म्हणजे तीन रोजे.”

मशिदीत धर्माचे नियम सांगणाऱ्या फकींनी सांगितलं होतं, नकळत झालं त्याला भरपाई लागत नाही. पण भाऊजींना कोण सांगणार. ऐन उन्हाळ्यात तीन रोजे.

वन्सं कडाडल्या, “भिंतीपलीकडून घातलं तेव्हा गिळत होतास, आणि आता समोर बसले तर उपास?”

“सूर्य मावळेपर्यंत थांब,” भाऊजी म्हणाले.

वन्सं कधीच इतक्या थांबत नसत. नवरा अस्राच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरीच्या नमाजाहून घरी यायच्या आत त्यांना परतायचं असे. त्या दिवशी थांबल्या. तिन्ही दिवस थांबल्या. दुपारभर त्या मोठ्या खोलीत दोघं बसायची. मेलेल्या आईच्या, कुठल्याशा हरवलेल्या बकरीच्या गोष्टी निघायच्या, मधूनच भांडण व्हायचं, आणि मी फतात पुन्हा पुन्हा गरम करत जिने चढत-उतरत राहायची.

तिसऱ्या संध्याकाळी अजान झाली, भाऊजी जेवले. वन्संनी रिकामं वाडगं उचललं नि जिन्याकडे निघाल्या.

“उद्या येशील ना?” भाऊजींनी विचारलं.

मी या घरात आल्यापासून त्यांनी कुणाची मर्जी विचारलेली ऐकली नव्हती. वन्सं पहिल्या पायरीवर थांबल्या. त्यांनाही ते नवीन असावं.

“वाट मोकळी असली तर येईन,” म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात रोवून वर चढायला लागल्या.