वायर उपटणारे मामा

चालू यंत्राचा जीव घ्यावा तर आमच्या हिच्या मामांनीच. ते ओमानमध्ये बरका गावात एका मासळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस आहेत आणि शुक्रवारी अल् घुब्राला आमच्या फ्लॅटवर जेवायला येतात. मामांचं गाव रत्नागिरीकडचं, उघड्या सड्यावरचं, कातळाच्या माळावरचं. तिथे ढग नुसता गुरगुरला तरी माणसं भरल्या ताटावरून उठून टीव्हीचा प्लग उपटतात. ही सवय मामांनी ओमानच्या कोरड्याठाक आभाळाखालीही सोडली नाही. उलट इथे ढगच गुरगुरत नाहीत, तेव्हा नेमकं कधी उपटायचं ते कळेना, म्हणून ते केव्हाही उपटतात. तेही बटण बंद न करता, वाफ्यातून मुळा ओढावा तसं. "बटण शोधेपर्यंत वीज काय थांबणार आहे?" असा त्यांचा सिद्धांत. दुकानातला प्रिंटर छापता छापता असाच वारला आणि त्याच्या जागी आलेलाही लवकरच त्याच्या वाटेने गेला. शेवटी त्यांच्या ओमानी अर्बाबने हात जोडले. "मामा, तुम चाय पियो. वायर को हात लगाया तो खलास!" मालकही त्यांना मामाच म्हणतो.

परवा गावी मामांच्या नातीचं बारसं होतं. रजा मिळाली नाही. मोबाइलवर पोर मुंगीएवढी दिसते म्हणून मामा इस्त्रीचा सदरा घालून आमच्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. सगळ्या वायरी मी आधीच टेबलामागे कोंबल्या होत्या. पडद्यावर पाळणा हलला, बायका गाऊ लागल्या, आत्या बाळाच्या कानाशी वाकली. नाव काय ठेवणार ते लेकीने मामांनाही सांगितलं नव्हतं. मामा श्वास रोखून पुढे सरकले.

तेवढ्यात स्पीकरमधून कडाड् आवाज आला. गावावर परतीचा पाऊस कोसळत होता. "अगो, प्लग काढा!" असं पडद्याकडे ओरडत मामा टेबलामागे घुसले आणि हाताला लागेल ती वायर त्यांनी ओढली. फट् झालं, जळका वास आला आणि पडदा काळा पडला.

मी खवळलो. "मामा, वीज कोकणात पडली! इथे बाहेर टळटळीत ऊन आहे!"

मामा वायरींचा झुबका पोटाशी धरून फरशीवर बसले होते.

"जावईबापू, पोर तिकडेच आहे हो," ते म्हणाले.

माझा राग कुठल्या कुठे गेला. हिने मोबाइलवरून गावी फोन लावून दिला. पोर ठणठणीत होती, एवढ्या कडकडाटातही झोपली होती. "प्लग काढलात ना?" मामा पुन्हा पुन्हा विचारत राहिले. नाव विचारायचं त्यांना सुचलंच नाही.