एक तास चालवून पाहू

नवी गाडी घ्यायचं निघालं तेव्हा ताईने मला फोन करून गावी बोलावलं. "तू ये वं. तुले भांडता चांगलं येते."

ताई माझ्याहून बरीच मोठी. काटोलकडच्या एका गावात तिचं सासर आणि तिथेच त्यांची संत्र्याची बाग. मी शहरात, मनीषनगरात राहते, कचेरीत कारकुनी करते, आणि खड्डे सोडले तर रस्त्यांचा मला दुसरा अनुभव नाही. गाड्यांतलंही काही कळत नाही. पण भांडणातलं कळतं, हे आमच्या माहेरी आणि तिच्या सासरीही सगळ्यांना मान्य आहे.

भाऊजींना ट्रक हवा होता. खापरखेड्याला त्यांच्या ओळखीचा एक माणूस वीज केंद्राच्या राखेच्या फेऱ्या मारून कंटाळला होता आणि आपला सहाचाकी ट्रक विकायला निघाला होता. ताईला हवी होती पिकअप. मध्यम आकाराची, चारही चाकांना जोर असलेली, चिखलाला न भिणारी. वरवर पाहता हा नुसता गाडीचा वाद होता. खरी गोष्ट अशी, की ट्रक आला असता तर त्याच्याबरोबर पगारी ड्रायव्हर आला असता, आणि ताईचं कळमना सुटलं असतं.

कळमन्याच्या बाजारात संत्रा घेऊन जाणं आधी भाऊजींचं काम होतं. त्यांची कंबर गेली, डॉक्टरांनी स्टिअरिंगवर बसायला मनाई केली, तेव्हा ताई जुन्या टेम्पोवर गाडी शिकली. गावाने तोंडाला पदर लावून हसून घेतलं. पहिल्या मोसमात तिने कुंपण पाडलं, शेजाऱ्याचा गोठाही थोडा पाडला, पण शिकली. मी एका रविवारी तिला भेटायला बाजारात गेले होते. डोक्याला रुमाल, पायांत भाऊजींचे जुने बूट, आणि समोर संत्र्यांचा ढीग. लिलावात बोली लावणारा तोंड वाकडं करून म्हणाला, "माल बारीक आहे, ताई." ताईने एक संत्रं फोडलं, अर्धं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आधी तोंड गोड कर गा, मंग बोल." तो हसला आणि मग नीट बोलला. माझी बहीण भर बाजारात अशी उभी राहू शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तो मी तिला तिथेच बोलून दाखवला. ती म्हणाली, "चाय पी अन् बाजूले हो, गाडी मागं घ्याची आहे."

तो टेम्पो आता पार खिळखिळा झाला होता. म्हणून हा वाद.

भाऊजींचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हेही सांगायला हवं. "गावातल्या सगळ्याइचा माल एका फेरीत जाते. कोणाच्या दारात हात पसरा लागत नाही." मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण यावर काय भांडणार? नाइलाजाने मी दोघांना शोरूममध्ये नेलं. म्हटलं, निदान पिकअप डोळ्यांनी तरी पाहू.

तिथला टाय लावलेला विक्रेता सगळं भाऊजींनाच सांगत होता. "सर, ही खास ऑफ-रोड गाडी आहे."

"आमच्याइकडं रोडच नाही," ताई म्हणाली, "तं ऑफ कायचा?"

मग त्याने तिच्याकडे पाहिलं. ताईने गाडीला चक्कर मारली, वाकून खालून पाहिलं, मागचा फाळका उघडून जोरात लावला आणि म्हणाली, "मले एक तास चालवून पाहाची आहे."

विक्रेत्याचा चेहरा उतरला. "मॅडम, एक तास नाही देता येत. दहा मिनिटं देतो."

"दहा मिनिटं काहून? एक तास पुरे."

"मॅडम, कंपनीचा नियम आहे."

"अरे बाप्पा, एक तास मारल्याशिवाय जनावर तरी कोणी घेते का?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघंही वैतागले होते. शेवटी भाऊजी खो-खो हसत सुटले. त्यांनीच विक्रेत्याला समजावलं, की ताईचा तास घड्याळातला नाही, वावरातला आहे. नांगर एकदा या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत गेला की एक तास झाला. बैल विकत घेण्याआधी त्याला जुंपून असा एक तास मारून पाहतात. ओढतो कसा, वळतो कसा, मधेच बसतो का, हे तेवढ्यात कळतं. विक्रेताही हसला. म्हणाला, असा तास असेल तर गाडी मीच गावात घेऊन येतो.

तो दिलेल्या शब्दाला जागला. आदल्या दिवशी परतीचा पाऊस पडून गेला होता. खापरखेड्याचा ट्रकही त्याच सकाळी आला, धुऊन पुसून, पुढे झेंडूची माळ लावून. खरंच देखणा होता. त्याचा मालक तो डांबरी रस्त्याने पांदणीच्या तोंडापर्यंत घेऊन आला आणि थांबला. पांदण म्हणजे दोन धुऱ्यांच्या मधून बागेकडे जाणारी वाट; काळी माती, त्यात पाऊस. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "अंदर नाही जात. इथंच उभा राहीन."

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "बैलबंडीनं माल इथवर आणू."

"म्हंजे संत्रा दोनदा उतरवा, दोनदा चढवा," ताई म्हणाली. "कळमन्यात पोहोचेलोक त्याचा रस निघते."

मग तिने पिकअपमध्ये शेणखताची पोती चढवायला लावली. रिकामी गाडी कोणीही चालवते, म्हणाली. विक्रेत्याने आपल्या चकचकीत गाडीकडे एकदा पाहिलं आणि मागच्या सीटवर माझ्याशेजारी येऊन गुमान बसला. भाऊजी कंबर सांभाळत पुढे, ताईच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत ती चालवत असताना ते तिच्या गाडीत कधी बसलेच नव्हते.

अर्ध्या वाटेवर, नाल्याच्या उतारात, गाडी रुतली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली, काचेवर चिखल आला. मी देवाचं नाव घेतलं. विक्रेता म्हणाला, "मॅडम, मी घेतो." ताई म्हणाली, "चूप बस गा." तिने गिअरचा दांडा बदलला, गाडी थोडी मागे घेतली, क्षणभर थांबली, आणि अशी सावकाश वर काढली की पोत्यावरचं पोतं हललं नाही. भाऊजी रस्त्याकडे पाहतच नव्हते. ते तिच्या हातांकडे पाहत होते.

बागेत पोचून गड्यांनी पोती उतरवली. विक्रेता चाकं बघायला खाली उतरला. तेव्हा भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "मी ट्रक-ट्रक काहून करून राहिलो, माहीत आहे का तुले? तू अंधारात निघतं, अन् वापस येईलोक माह्या घशाखाली घास उतरत नाही. ड्रायव्हर असला तं तू घरी राहशील."

इतके दिवस मी त्यांना हटवादी समजत होते.

ताई समोर बघत म्हणाली, "मले घरी नाही राहाचं. घरी मी तुमची बायको आहे, ते चांगलंच आहे. पण कळमन्यात मी संत्रेवाली आहे. ते माहं मी कमावलं. ते नका घेऊ."

भाऊजी दार उघडून हळूहळू खाली उतरले. मला वाटलं, रागावले. मी भांडायला तोंड उघडणारच होते. पण ते मागे गेले, फाळका वर उचलून लावला, झाडांच्या रांगेत उभे राहून हात हलवायला लागले. "येऊ दे, येऊ दे, डावं काट, येऊ दे." गाडी नीट वळेपर्यंत चिखलात उभे राहिले. मग ट्रकचे क्लीनर मारतात तशा त्यांनी गाडीच्या अंगावर दोन थापा मारल्या आणि क्लीनर ड्रायव्हरला ज्या शब्दाने हाक मारतात, तीच हाक दिली.

"चालू दे वं, उस्ताद!"

ताईने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. डोळे पुसले, गिअर टाकला, आणि गाडी जागेवरून हलवलीच नाही.

"बसा आधी," ती ओरडली. "क्लीनरले सोडून मी कुठंच जात नाही."