शंभर पोस्टरांची खळ

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमच्या लालबागच्या चाळीत पोस्टरं चिकटवायची खळ मी शिजवायची. चौथी शिकलेल्या बाईला दुसरं काम कोण देणार? अंदाज मात्र माझा पक्का होता. चार मुठी गव्हाचं पीठ, तांब्याभर पाणी, की पंचवीस पोस्टरं. चाळीच्या चुन्याच्या भिंतीवर हे कधी चुकलं नव्हतं.

त्या खेपेला पोस्टरं शंभर होती आणि भिंत गिरणीची, काळ्या दगडाची. खडबडीत दगड खळ पितो, हे मला ठाऊक होतं. वीस मुठी तरी हव्या होत्या. मी सोळा काढल्या आणि त्यातल्या दोन परत डब्यात टाकल्या. रेशनचा गहू इतक्यात मिळणार नव्हता आणि माझी पोरं चपाती मागायची.

पहाटे धाकटा दीर पातेलं न्यायला आला. गिरणीत तो साच्यावर कापड विणायचा. पळी वर धरून म्हणाला, “वैनी, ही खळ की पेज?”

“पेज असती तर तुला दिली असती काय? नीघ आता.”

उजाडताना तो रिकामं पातेलं घेऊन धापा टाकत आला. “संपली गं. तीस राहिली. भिंत नुसती पिते.”

माझा नवरा म्हणाला, “राहू दे. उजाडलं.”

“अर्धी भिंत उघडी ठेवू? लोक हसतील,” दीर म्हणाला.

पीठ संपलं असं मी म्हणायला हवं होतं. पण मी डबा काढला आणि त्याच दोन मुठी, वर आणखी चार, पाण्यात कालवल्या.

दिवसपाळीचा भोंगा झाला तेव्हा दीर भिंतीपाशीच होता. पोलीस दिसताच कामगारांच्या गर्दीत शिरला. पोलिसांनी सगळ्यांना उभं करून हात बघितले. त्याच्या नखांत खळ वाळली होती.

आठवड्याने सुटून आला. पोलिसांच्या माराने उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. तुटलेला धागा बांधायला तीच लागतात. गिरणीने त्याला झाडायच्या कामावर टाकलं.

दगडाचा अंदाज आला नाही, असं मी चाळीत सांगितलं. सगळ्यांना पटलं. त्यालाही. पुढे कित्येक वर्षं तो आमच्याकडे जेवायला यायचा. त्याची भाकरी मी मोडून द्यायची.

“भिंतच वाईट होती, वैनी,” तो म्हणायचा.

मी हो म्हणायची आणि आमटी वाढायची.