कोशाच्या अळ्या आणि आमचा विषाणू

"मॅडम, तुमच्या औषधात इच्चू हाये का नाई, तेवढं सांगा!"

माझा एक पाय अजून जीपमध्येच होता. समोर सोमाभाऊ उभे, हातात येनाची, म्हणजे ऐनाच्या झाडाची फांदी. फांदीला कोशाच्या अळ्या उलट्या लटकलेल्या, काळ्या पडलेल्या. बोट लावलं की फुटून नुसतं पाणी.

चामोर्शीच्या पुढचं हे जंगलालगतचं गाव. सोमाभाऊ आणि त्यांची बायको बायजाबाई येनाच्या झाडांवर कोसा पाळायचे, म्हणजे टसर रेशमाच्या अळ्या. तुरीवर औषध फवारलं आणि तिच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडांवरच्या अळ्या जवळपास साफ झाल्या होत्या. नाल्यापलीकडच्या झाडांवरच्या तेवढ्या अजून धडधाकट होत्या. त्या वाचल्या तर वर्ष निभणार, नाहीतर हात चोळत बसायचं.

मी गडचिरोलीच्या सरकारी लॅबची इन्चार्ज. आम्ही एकच माल बनवायचो, घाटेअळीचा विषाणू. घाटेअळी म्हणजे तूर-हरभरा पोखरणारी अळी. तिला विषाणू खाऊ घालायचा, मेली की घोटायची, गाळायची, झालं औषध. उन्हानं विषाणू मरू नये म्हणून पाण्यात थोडी नीळ टाकून संध्याकाळी फवारायचं. अळी लगेच मरत नाही. पाच-सात दिवस रेंगाळते, शेंड्यावर चढते आणि उलटी लटकून मरते. नेमकी सोमाभाऊंच्या हातातल्या अळ्यांसारखी.

विंचवाची भानगड आमच्या बॉसची. गावच्या सभेत रंगात येऊन ते बोलून गेले होते, "परदेशात आता विषाणूतच विंचवाच्या विषाचा जीन बसवतात. अळी चटकन मरते!" जीन म्हणजे सजीवाच्या घडणीतला एक हुकूम, विष कसं बनवायचं हे सांगणारा. तसलं काही आमच्याकडे औषधालाही नव्हतं. आमचा विषाणू इथल्याच शेतातल्या मेलेल्या अळ्यांतून काढलेला. पण लोकांच्या डोक्यात विंचू बसला तो बसलाच.

"भाऊ, विंचू नाही त्यात," मी म्हटलं.

"मंग आमच्या अळ्या काऊन मरून राह्यल्या?"

मेलेल्या अळ्या बाटलीत घेतल्या आणि गडचिरोलीला परत आले. मायक्रोस्कोपखाली विषाणूचे चमकते ठिपके दिसले. पण कोशाच्या अळीचा स्वतःचाही एक विषाणू असतो, आणि त्याचेही ठिपके तसेच दिसतात. कोणता कोणाचा, बघून कळेना. म्हणून दोन डबे लावले. सोमाभाऊंच्या मेलेल्या अळ्यांचं पाणी घाटेअळ्यांना चारलं आणि आमचं औषध कोशाच्या निरोगी अळ्यांना. आता कोण मरतं ते बघायचं.

तेवढ्यात बॉस आले. "लिहून टाका, आपला संबंध नाही."

"टेस्ट व्हायची आहे सर."

"अहो, आपला विषाणू घाटेअळीशिवाय कुणाला लागत नाही. पुस्तकात आहे."

"मग पुस्तक घेऊन तुम्हीच जा सोमाभाऊंकडे!"

ते निघून गेले. मला मात्र चैन पडेना. दर थोड्या वेळानं डब्याचं झाकण उघडायची. अळ्या आपल्या मजेत पानं कुरतडतायत. इकडे डबे सावकाश बोलणार आणि तिकडे नाल्यापलीकडे काय होत असेल, हा विचार डोक्यातून जाईना. शेवटी निकालाची वाट न बघता एसटी पकडली.

पोचले तेव्हा उन्हं उतरत होती. सोमाभाऊ पाठीवर पंप बांधत होते. नाल्याकाठची तूर फवारायची होती. बायजाबाई बादलीत काहीतरी ठेचत होत्या. मी वाकून पाहिलं. बोटाएवढ्या जाड, काळ्या पडलेल्या अळ्या. कोशाच्या!

"अगं बाई! हे काय करताय?" मी किंचाळलेच.

"वरडता काऊन?" बायजाबाई म्हणाल्या. "तुमच्या साहेबानंच तं सभेत सांगतलं. लटकलेल्या मेलेल्या अळ्या जमा करा, ठेचा, गाळा, फवारा. फुकटचं औषध."

"अहो, पण ते घाटेअळ्यांबद्दल होतं!"

"अळ्या म्हनले ते. कोनती ते नाई बोलले. आमची अळी मोठी, म्हनलं औषध बी जास्त निघन."

मी बादली बाजूला ओढली. सगळा उलगडा झाला. कोशाच्या काही अळ्या त्यांच्या त्या रोगानं दरवर्षी मरतात. आजवर हे दोघं त्या वेचून लांब खड्ड्यात पुरायचे. या वर्षी मेलेली अळी औषध ठरली, म्हणून जपून ठेवली आणि ठेचून तुरीवर मारली. संध्याकाळच्या वाऱ्यानं तो फवारा धुऱ्यावरच्या येनावर गेला. तुरीवरची घाटेअळी त्यानं मेली नाहीच, कोशाची अळी मात्र पटापट गेली. आणि आज हीच बादली नाल्याकाठी, पलीकडच्या धडधाकट अळ्यांच्या समोर चालली होती.

सोमाभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी पंप उतरवला. मग म्हणाले, "म्हंजे मीच मारल्या का जी?" त्यांच्याकडे बघवेना. आपल्या हातानं वाढवलेल्या अळ्या होत्या त्या.

बादली खड्ड्यात ओतली, वर चुना टाकला. धुऱ्यावरच्या आजारी अळ्या वेचून पुरल्या. नाल्यापलीकडच्या अळ्यांनी पुढे कोसे बांधले. धुऱ्यावरचं पीक गेलं ते गेलंच.

डब्यांनीही तेच सांगितलं. दोन्हीकडे कुणी मेलं नाही. बॉस खूश. "बघा, आपला विषाणू निर्दोष!"

"विषाणू निर्दोषच आहे सर," मी म्हटलं. "त्याला आपली अळी ओळखता येते. आपण लोकांना ती दाखवलीच नाही."

त्यांना ते आवडलं नाही. पुढची सभा त्यांनी माझ्याच गळ्यात मारली. मी विंचवाचं नाव काढलं नाही. दोन बाटल्या नेल्या, एकीत घाटेअळी, दुसरीत कोशाची, आणि सगळ्यांच्या हातात फिरवल्या. बायजाबाईंनी दोन्ही उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाल्या, "हे आंधी दाखवलं असतं, तं आमचे अर्धे कोसे वाचले असते, बाई."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?